गाळलेले शतक : उच्च माध्यमिक इतिहासाच्या अभ्यासक्रमाचे एक मूल्यमापन

शालेय इतिहासाच्या पुस्तकांवर वाद झाला की तो बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरतो. पुस्तकात आमच्याविषयी किती लिहिले आहे, आणि जे लिहिले आहे ते गौरवाचे आहे की निंदेचे? हे प्रश्न निरर्थक नाहीत. परंतु त्यांच्या उत्तरांवरून अभ्यासक्रम चांगला की वाईट हे ठरत नाही. अभ्यासक्रमाची परीक्षा करावयाची तर वेगळे प्रश्न विचारावे लागतात. अकरावी-बारावीची दोन वर्षे इतिहास शिकून बाहेर पडणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला काय करता यावे, अशी अपेक्षा होती? त्यासाठी निवडलेला आशय योग्य होता काय? त्या आशयाचे दुवे एकमेकांस जुळतात काय? आणि शेवटी परीक्षेत नेमके काय मोजले जाते? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमाच्या रचनेविषयी चार मूलभूत प्रश्न मांडले होते. वरील प्रश्न म्हणजे त्यांचेच इतिहासापुरते केलेले रूपांतर मानावे.

या कसोट्या प्रस्तुत लेखात एका विशिष्ट अभ्यासक्रमाला लावून पाहावयाच्या आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजेच एनसीईआरटीने, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार उच्च माध्यमिक वर्गांसाठी इतिहासाची नवी पुस्तके केली. अकरावीचे जागतिक इतिहासाचे पुस्तक २००६ मध्ये आणि बारावीचे भारतीय इतिहासाचे तीन भाग २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्रीय मंडळाच्या शाळांत तर ती लागलीच, शिवाय कित्येक राज्य मंडळांनीही ती जशीच्या तशी किंवा थोड्या फरकाने स्वीकारली. त्यामुळे महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांच्या किमान एका पिढीने इतिहास शिकला तो मुख्यतः या पुस्तकांतून.

या अभ्यासक्रमाची पद्धत मोलाची आहे. पण ज्या शतकामुळे आपण मराठी माणसे माळव्यात, गुजरातेत आणि ग्वाल्हेरीस येऊन स्थायिक झालो, ते अठरावे शतकच त्यातून निसटले आहे. आणि या उणिवेवरचा उपाय गौरवाची पाने वाढविणे हा नसून, त्याच पद्धतीने ते शतक शिकविणे हा आहे. पुढील विवेचन या दोन विधानांच्या समर्थनार्थ आहे.

पुस्तकांच्या तीन पिढ्या

प्रथम थोडी पार्श्वभूमी. एनसीईआरटीची स्थापना १९६१ ची. कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशींतून पुढे दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध रूढ झाला आणि 'उच्च माध्यमिक' या दोन वर्षांना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व आले. या वर्गांसाठी पहिल्या पिढीची पुस्तके नामांकित इतिहासकारांनी एकहाती लिहिली. रामशरण शर्मा यांचे प्राचीन भारतावरचे, सतीश चंद्र यांचे मध्ययुगीन भारतावरचे आणि बिपन चंद्र यांचे आधुनिक भारतावरचे पुस्तक ही त्यांतील प्रमुख. या पुस्तकांत कथन सलग होते. राजवटी, अर्थव्यवस्था, समाज, संस्कृती या क्रमाने काळ पुढे सरकत असे. मराठ्यांच्या उदयाची चर्चा मुघल साम्राज्याच्या विघटनाच्या चौकटीत का होईना, पण होत असे. आणि आधुनिक भारताची सुरुवात अठराव्या शतकातील प्रादेशिक सत्तांच्या ओळखीने होई.

या पुस्तकांना राजकारणाचा उपद्रवही लवकरच सुरू झाला. जनता पक्षाच्या राजवटीत, १९७८ मध्ये, शर्मा यांचे पुस्तक अभ्यासक्रमातून काढण्यात आले आणि पुढे सत्ताबदलानंतर परत आले. २००० च्या आराखड्यानंतर जुन्या पुस्तकांतील काही उतारे २००१ मध्ये वगळण्यात आले आणि २००२ पासून नव्या लेखकांची दुसऱ्या पिढीची पुस्तके आली. त्या आराखड्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००२ मध्ये फेटाळले. भारतीय इतिहास परिषदेने २००३ मध्ये या नव्या पुस्तकांतील चुकांची एक सूचीच प्रसिद्ध केली. २००४ मध्ये पुन्हा सत्ताबदल झाला, प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली २००५ चा आराखडा तयार झाला आणि नीलाद्री भट्टाचार्य यांच्या मुख्य मार्गदर्शनाखाली तिसऱ्या पिढीची पुस्तके सिद्ध झाली.

वरवर पाहता ही सत्तांतरांची कहाणी वाटते. परंतु तिसऱ्या पिढीने केलेला बदल केवळ मतांचा नव्हता, रचनेचाही होता. सलग कथन सोडून देऊन तिने निवडक विषयांची मांडणी स्वीकारली. बारावीच्या तीन भागांत मिळून पंधरा विषय आले. प्रत्येक विषयाला एक काळ, एक प्रश्न आणि एक विशिष्ट प्रकारचे साधन जोडलेले होते. हडप्पा संस्कृतीसाठी पुरातत्त्व, प्राचीन राज्यांसाठी शिलालेख, नातेसंबंध आणि जातिव्यवस्थेसाठी महाभारत, ग्रामीण समाजासाठी ऐन-इ-अकबरी, फाळणीसाठी मौखिक स्मृती, राज्यघटनेसाठी संविधान सभेतील चर्चा, अशी ती योजना होती.

पद्धतीची जमेची बाजू

ही योजना नेमकी काय साधते हे दोन-तीन उदाहरणांनी स्पष्ट होईल. मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांवरून मॉर्टिमर व्हीलर यांनी आक्रमणाचा आणि कत्तलीचा निष्कर्ष काढला होता. जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये तो निष्कर्ष पुराव्यानिशी खोडून काढला. हे सांगाडे एकाच काळातले आहेत असे दाखविता येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. बारावीचे पुस्तक या दोन्ही बाजू विद्यार्थ्यापुढे ठेवते. 'हडप्पा संस्कृती का नष्ट झाली?' या प्रश्नाचे तयार उत्तर मिळण्याऐवजी एक उत्तर कसे उभे राहिले आणि कसे कोसळले, हे त्याला दिसते.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. महाभारतावरच्या प्रकरणात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने केलेल्या चिकित्सक आवृत्तीची हकिगत येते. वि. सी. सुखठणकर यांच्या नेतृत्वाखाली, देशाच्या निरनिराळ्या भागांतील हस्तलिखिते ताडून पाहून, सत्तेचाळीस वर्षे चाललेले ते काम. एका ग्रंथाच्या शेकडो प्रतींत कोठे एकवाक्यता आहे आणि कोठे प्रादेशिक भर पडली आहे, हे शोधणे म्हणजे इतिहासकाराच्या कामाचा कणाच. सतरा वर्षांच्या मुलाला हे कळते, तेव्हा तो महाभारत मानणारा असो वा नसो, त्याचे वाचन बदलते.

तिसरे उदाहरण सुप्याचे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासचे शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर चाल करून गेले आणि त्यांनी खतावण्या व कर्जरोखे जाळले. हे लोण अहमदनगरपर्यंत पसरले. सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे आला. त्याने दोष सावकारांच्या माथी मारला आणि सरकारी साऱ्याला बहुतांशी निर्दोष ठरविले. पुस्तक येथे विद्यार्थ्याला थांबवून विचारते : हा अहवाल कोणी लिहिला? कोणासाठी लिहिला? त्यात कोणते प्रश्न विचारलेच गेले नाहीत? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाला आलेली तेजी, १८६५ नंतरची मंदी, कर्जाची मुदत ठरविणारा १८५९ चा कायदा या सगळ्यांची सांगड घालून मगच रोखे जाळण्याचा अर्थ लागतो.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. विद्यार्थ्याला माहितीबरोबर ती माहिती मिळते कशी, हेही दाखविले आहे. पहिल्या पिढीच्या पुस्तकांत लेखकाचा अधिकार शब्दाशब्दांतून जाणवे. विद्यार्थ्याने तो मान्य करून पुढे जावयाचे. तिसऱ्या पिढीने लेखकाला किंचित मागे सरकवून साधनाला पुढे आणले. उद्दिष्टाच्या कसोटीवर हा अभ्यासक्रम उत्तम उतरतो, असे म्हणावयास काही हरकत नाही.

१७०० ते १७९३

आता आशय आणि सांधेजोड. दुसऱ्या भागातील शेतकरी आणि जमीनदार यांचे प्रकरण सोळाव्या-सतराव्या शतकांचे आहे. मुघल दरबाराचे प्रकरणही मुख्यतः त्याच काळाचे. तिसरा भाग उघडतो तो बंगालात. १७९३ ची कायमधारा पद्धती आणि १७९७ मध्ये बर्दवानच्या राजाच्या जमिनींचा झालेला लिलाव. औरंगजेबाच्या मृत्यूपासून या लिलावापर्यंत सुमारे नव्वद वर्षे जातात. या नव्वद वर्षांत देशात काय घडले, याचे स्वतंत्र विवेचन कोठेच नाही. पानिपतच्या तिसऱ्या लढाईची नोंद सनावळीच्या तक्त्यात सापडेल; परंतु १७६१ साली मराठी फौज यमुनाकाठी कशासाठी गेली होती, याचे उत्तर बारावीचा विद्यार्थी या पुस्तकावरून देऊ शकणार नाही.

हे केवळ मराठ्यांपुरते नाही. हैदराबादचा निजाम, अवध व बंगालचे नवाब, शीख मिसली, जाट, म्हैसूर या साऱ्यांची अवस्था तीच. सातवी-आठवीच्या जुन्या पुस्तकांत अठराव्या शतकातील सत्तांचे एक प्रकरण होते, हे खरे. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला जे सांगता येते आणि सतरा वर्षांच्या मुलाशी ज्याची चर्चा करता येते, त्यांत मोठे अंतर आहे. त्या चर्चेची वेळ येते तेव्हा ते शतकच हजर नसते.

यामागे कोणाचा कट शोधण्याचे कारण नाही. विषयवार मांडणीत काहीतरी सुटणारच. पंधरा विषयांत पाच हजार वर्षे मावत नाहीत. मध्ययुग सतराव्या शतकाशी संपवावयाचे आणि आधुनिक काळ कंपनीच्या महसुलापासून धरावयाचा, या विभागणीत अठरावे शतक दोन भागांच्या शिवणीत अडकले. पण परिणाम गंभीर आहे. मुघल सत्ता होती आणि मग कंपनी आली, एवढेच चित्र विद्यार्थ्याच्या मनात उरते. कंपनीने भारत कोणाकडून घेतला, हा प्रश्नच त्याला पडत नाही. वसईचा तह (१८०२), असईची लढाई (१८०३), महिदपूरची लढाई (१८१७), मंदसोरचा तह (१८१८) यांच्यावाचून एकोणिसावे शतक सुरू करणे म्हणजे मधला सोपाना न चढता माडीवर पोहोचल्याचे सांगणे होय.

२०२२ च्या कपातीने ही फट आणखी रुंदावली. करोनाच्या साथीनंतर विद्यार्थ्यांवरचा भार हलका करणे, हे तिचे कारण म्हणून सांगण्यात आले. बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबार, वसाहतकालीन शहरे आणि फाळणी ही तीन प्रकरणे वगळण्यात आली; अकरावीतून औद्योगिक क्रांतीसह चार. पहिले प्रकरण गेल्यामुळे अठराव्या शतकाकडे नेणारा अखेरचा धागा तुटला. दुसरे गेल्यामुळे मुंबई, मद्रास, कलकत्ता यांची घडण गेली. आणि फाळणी गेल्यामुळे लगेच पुढचे संविधान सभेचे प्रकरण अधांतरी झाले. कारण स्वतंत्र मतदारसंघ नकोत, असे त्या सभेतील सदस्य इतक्या कळकळीने का सांगत होते, हे फाळणीवाचून कळतच नाही. विषयवार मांडणीतले एक प्रकरण काढणे आणि सलग कथनातला एक परिच्छेद काढणे यांत फरक आहे. येथे प्रत्येक प्रकरण एक खांब असते. भार हलका करताना इमारत कोणत्या खांबावर उभी आहे, हे पाहणे आवश्यक होते.

पानांचा हिशेब नको

अशा वेळी आपल्याकडून एक मागणी हटकून पुढे येते : मराठ्यांना अधिक पाने द्या. मागणीमागची वेदना समजण्यासारखी आहे. महाराष्ट्रात चौथीतले मूल १९७० पासून शिवचरित्र वाचत आले. बालभारतीच्या २०२० च्या बारावीच्या पुस्तकात वसाहतवाद आणि मराठे यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. शेजारच्या राज्यातील मराठी मुलाला मात्र आपले आडनाव या गावात कसे आले, हेही पुस्तकातून कळू नये, हे बोचणारच.

तरीही पानांचा हिशेब ही चुकीची मोजपट्टी आहे. प्रत्येक प्रांताने आपापला वाटा मागावयाचे ठरविले, तर पाठ्यपुस्तक हे मानपानाच्या पंगतीसारखे होईल. दुसरे असे की गौरवाच्या पानांना तेवढ्याच जोराचे प्रत्युत्तर मिळते. याचे ताजे उदाहरण २०२५ चे. एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांच्या उदयावर स्वतंत्र प्रकरण आले. त्यातील नकाशात जैसलमेर मराठ्यांच्या प्रभावक्षेत्रात दाखविल्याबद्दल तेथील माजी राजघराण्यातून जाहीर आक्षेप घेण्यात आला आणि परिषदेला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. एका बाजूस अभिमान, दुसऱ्या बाजूस अपमान. आणि दोहोंच्या मध्ये नकाशावर एकच रंग.

वास्तविक हा वाद म्हणजे उच्च माध्यमिक वर्गासाठी तयार झालेला उत्कृष्ट प्रश्न आहे. अठराव्या शतकात 'सत्ता' म्हणजे काय? १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून सनदा आणल्या, त्यांत स्वराज्य वेगळे होते आणि दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरची चौथ व सरदेशमुखी वेगळी. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. ज्या मुलखातून चौथ येते तेथे राज्य कोणाचे? चौथ देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे, की ज्याच्या नावाने सनद निघाली त्या बादशहाचे? एकेकदा खंडणी देणारा राजा आणि कमाविसदार नेमलेला परगणा यांना एकाच रंगाने रंगविता येईल काय? आंद्रे विंक यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच प्रश्नाची, म्हणजे मराठी राज्यातील जमीन आणि सार्वभौमत्व यांची, विस्ताराने चिकित्सा केली आहे. हा प्रश्न वर्गात उभा राहिला, तर नकाशाचा रंग हा अस्मितेचा विषय न राहता अभ्यासाचा होतो. आठवीत ते शक्य नाही; बारावीत आहे.

माळव्याचे एक प्रकरण

मग असे प्रकरण कसे असावे? पुस्तकाच्या मूळ पद्धतीलाच धरून एक रूपरेषा सुचवावीशी वाटते. विषय : अठराव्या शतकातील माळवा. काळ : १७२० ते १८१८. प्रश्न : चाल करून आलेली फौज राज्यकर्ती कशी होते?

साधनांची वाण नाही. पेशवे दफ्तरातील निवडक कागद सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध झाले. राजवाड्यांनी १८९८ पासून छापलेली साधने, वासुदेवशास्त्री खऱ्यांचा लेखसंग्रह, पारसनिसांनी प्रसिद्ध केलेली महेश्वर दरबारची बातमीपत्रे आणि दिल्लीतील मराठी वकिलांची राजकारणे ही सर्व सामग्री छापील स्वरूपात उपलब्ध आहे. स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दफ्तरातील माळव्याच्या कागदांवरून दाखवून दिले आहे की मराठ्यांचा माळव्यातील अंमल एका लढाईने बसला नाही. खंडणीच्या करारापासून परगण्याच्या नियमित हिशेबापर्यंत तो पायरीपायरीने, काही दशके लागून बसला. होळकर, शिंदे, पवार यांच्या जहागिरी, त्यांबरोबर आलेले कारकून, कमाविसदार, भिक्षुक, सराफ यांची वसाहत हा त्याच प्रक्रियेचा भाग.

या मराठी कागदांशेजारी जॉन माल्कम यांचा १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेला मध्य हिंदुस्थानचा वृत्तांत ठेवावा. माल्कम हे महिदपूरच्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढलेले सेनानी आणि नंतर याच प्रदेशाचे प्रशासक. त्यांनी अहिल्याबाईंच्या कारभाराची (१७६७–१७९५) मनापासून प्रशंसा केली आहे, आणि त्यानंतरच्या काळाचे चित्र मात्र अराजकाचे रंगविले आहे. विद्यार्थ्याने विचारावे : त्यांतले किती प्रत्यक्ष पाहिलेले, आणि कंपनीचा अंमल म्हणजे शांततेचे आगमन असे ठरविण्यासाठी किती? सुप्याच्या आयोगाला जो प्रश्न पुस्तक विचारते, तोच येथे विचारावयाचा आहे.

आणि तिसरे साधन आपल्या मनाला न रुचणारे असले तरी घ्यावेच लागेल. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या. १७५१ च्या तहाने त्यांना बंगालची बारा लाखांची चौथ आणि ओरिसावरचा अंमल मिळाला. त्या स्वाऱ्यांत बंगालच्या खेड्यांनी जे सोसले, त्याचे वर्णन गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळी 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात केले आहे. 'बर्गी' हा शब्द तेथील अंगाईगीतांत जाऊन बसला. माळव्यात परगणे वसविणारी आणि बंगालात गावे जाळणारी सत्ता एकाच झेंड्याखाली होती. हे दोन्ही एकाच प्रकरणात, एकाच कसोटीने वाचता आले, तरच तो इतिहास. एरवी ती बखर. ज्यांना आपल्या पूर्वजांचे स्थान पुस्तकात हवे आहे, त्यांनी हे दुसरे पानही स्वीकारण्याची तयारी ठेवली पाहिजे. ती तयारी नसेल, तर गाळलेले शतक गाळलेलेच राहिलेले बरे.

अशा प्रकरणाने एक व्यापक वादही वर्गात येईल. अठरावे शतक म्हणजे ऱ्हासाचे, अंधाराचे युग, ही समजूत मुघलकेंद्री इतिहासलेखनाने आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मिळून रूढ केली. १९८० च्या दशकात क्रिस्टोफर बेली, मुझफ्फर आलम, विंक आदींच्या संशोधनाने तिला धक्का बसला. प्रादेशिक राज्ये, बाजारपेठा आणि सराफी यांची भरभराट त्यांनी पुढे आणली. या मतालाही आव्हान मिळाले. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही, आणि म्हणूनच तो शिकविण्याजोगा आहे.

परीक्षा आणि प्रकल्प

चौथी कसोटी मूल्यमापनाची. अलीकडच्या रचनेनुसार केंद्रीय मंडळाच्या बारावी इतिहासाच्या शंभर गुणांपैकी लेखी परीक्षेला ८० आणि प्रकल्पाला २० गुण आहेत. लेखी ८० पैकी एकेका गुणाचे बहुपर्यायी प्रश्न २१, लघुत्तरी १८ गुणांचे, दीर्घोत्तरी २४ गुणांचे, नकाशा ५ गुणांचा आणि साधनांच्या उताऱ्यांवरचे प्रश्न १२ गुणांचे. ज्या अभ्यासक्रमाचा प्राण साधनांच्या वाचनात आहे, त्याच्या परीक्षेत साधनांच्या वाट्याला आले १२ गुण, शेकडा पंधरा. तेही उतारे बहुधा पुस्तकातील चौकटींतलेच. त्यांची उत्तरे मार्गदर्शिकांत आधीच छापलेली असतात. न पाहिलेला कागद समोर ठेवून 'हा कोणी, कोणास, कशासाठी लिहिला असेल?' असे विचारले जात नाही. परिणामी शिक्षक हिशेबी होतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. जे मोजले जाते तेच शिकविले जाते. उत्तम उद्दिष्टाचा घात येथे होतो.

परंतु याच रचनेत २० गुणांची एक फट आशेची आहे. प्रकल्पाचा विषय निवडण्यास शाळेला पुष्कळ मोकळीक असते, आणि तो पुस्तकातील गाळलेल्या शतकावर घेण्यास सहसा कोणाची आडकाठी नसते. ग्वाल्हेरच्या मुलांना दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्कराची वस्ती अभ्यासता येईल. इंदूरच्या मुलांना महेश्वरहून राजधानी इंदुरात का आली, हे १८१८ च्या तहाशी जोडून पाहता येईल. बडोद्यात १७३४ मध्ये गायकवाडांनी ते शहर घेतल्यापासूनचा काळ आहे; हैदराबादेत पालखेड (१७२८) ते खर्डा (१७९५) या दोन लढाया आणि त्यांमधली तहांची, वकिलांची ये-जा आहे. वाडे, घाट, मंदिरांवरील शिलालेख, इनामाच्या सनदा ही सारी साधनेच होत.

मात्र येथे शाळेला बाहेरची मदत लागेल. एनसीईआरटीची ही पुस्तके इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत आहेत. अठराव्या शतकाचे कागद मराठीत, आणि ते मोडीत. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत मोडी वाचू शकणारी माणसे विरळ होत चालली आहेत. एखाद्या कागदाचे छायाचित्र, शेजारी त्याचे बाळबोध लिप्यंतर आणि हिंदीत अर्थ, एवढी सामग्री शिक्षकाच्या हाती दिली तरी तिच्यावर एक तास सहज रंगेल. असे वीस-पंचवीस कागद निवडून त्यांवर प्रश्न तयार करणे हे काम एखाद्या साहित्य संस्थेच्या आवाक्यातले आहे. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.

मराठी रियासतीचा जन्मही असाच वर्गातून झाला, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये बडोद्यात सयाजीरावांच्या सेवेत आले. राजपुत्रांना इतिहास शिकविताना मराठीत पुरेशी सामग्री नाही, हे त्यांच्या ध्यानी आले आणि शिकविण्यासाठी केलेल्या टिपणांतून तो ग्रंथप्रपंच उभा राहिला. तो महाराष्ट्रात नव्हे, बडोद्यात आरंभला गेला. २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर शालेय पुस्तके पुन्हा इयत्तेमागून इयत्ता बदलू लागली आहेत. उच्च माध्यमिक इतिहासाच्या फेररचनेत अठराव्या शतकाला एक प्रकरण मिळावे, ही मागणी आपण जरूर करावी. परंतु ती करताना आपल्या हाती निवेदनाबरोबर त्या प्रकरणाचा नमुना असावा : कागद निवडलेले, लिप्यंतर केलेले, प्रश्न काढलेले, आणि बर्गींचे पान त्यांतून न वगळलेले.